राणीची ढाल, सराफाचा काटा

माझ्याकडे १५७५ सालचा एक सिक्सपेन्स आहे, म्हणजे सहा पेनी किमतीचं इंग्लंडचं नाणं. हातोड्यानं पाडलेला, चांदीचा, राणीछाप रुपयापेक्षा थोडा लहान आणि त्याहून कितीतरी पातळ. एका अंगाला मुकुट घातलेली पहिली एलिझाबेथ आहे, डावीकडे तोंड करून, मानेमागे गुलाबाचं एक फूल. तिचा गाल आणि नाक कितीतरी वर्षांच्या देवघेवीत झिजून सपाट झालंय. दुसऱ्या अंगाला ढाल आहे, आणि ती मात्र अजून ठसठशीत आहे.

भिंगाखाली धरलं की ढालीची चार घरं दिसतात. डावीकडचं वरचं घर आणि उजवीकडचं खालचं घर, दोन्हींत लिलीची तीन-तीन फुलं. उरलेल्या दोन घरांत एकाखाली एक तीन सिंह, पुढचा पंजा उचलून चालणारे, तोंड आपल्याकडे वळवलेले. एकेक सिंह जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा, तरी त्याची शेपटी पाठीवर वळलेली कळते. ढालीच्या डोक्यावर १५७५ हा आकडा. भोवतीच्या अक्षरांची सुरुवात होते तिथं रानगुलाबाचं इवलंसं फूल आहे. ती टांकसाळीची खूण. साधारण १५७४ ते १५७८ या काळात लंडनच्या टॉवरमध्ये पाडलेल्या चांदीवर हे फूल असे. त्याआधी ओकचं फळ होतं, त्याही आधी अर्मिन या प्राण्याच्या फरची खूण. चांदीचा कस तपासून हिशेब मिटला की खूण बदलायची, म्हणजे पुढे खोट निघालीच तर ती कुठल्या खेपेतली हे सांगता येई.

ढालीवरचे सिंह इंग्लंडचे आणि लिली फ्रान्सची. चौघडी ढालीत डावीकडचं वरचं घर मानाचं समजतात, आणि या ढालीत ते घर फ्रान्सला दिलेलं आहे. आता १५७५ साली फ्रान्समध्ये या राणीची वीतभरही जमीन नव्हती. फ्रान्सच्या मुख्य भूमीवर इंग्रजांचं शेवटचं ठाणं उरलं होतं ते कॅले, आणि तेही एलिझाबेथ गादीवर येण्याच्या काही महिने आधी, जानेवारी १५५८ मध्ये, गेलेलं. तरी नाण्यावर ती इंग्लंड, फ्रान्स आणि आयर्लंडची राणी आहे, आणि लिली सिंहांच्या आधी आहे.

मी नाणी जमवायला लागले ती शिवराईपासून. त्यामुळे राजाचा हक्क नाण्यावर अक्षरांत लिहितात, हीच माझी सवय. ‘श्री राजा शिव’, मागे ‘छत्रपति’. मुघलांच्या रुपयावर बादशहाचं नाव, टांकसाळीचं नाव, जुलूसी सन, म्हणजे गादीवर बसल्यापासूनचं वर्ष. कधी फारसी शेर. चित्र जवळजवळ नाहीच. युरोपातल्या राजानं तोच हक्क चित्रात मांडला. कुणाचा मुलगा, कुणाचा नातू, कुठल्या मुलखावर दावा, हे सगळं एका ढालीत. म्हणून या ढालीकडे मी शोभेची वस्तू म्हणून बघू शकत नाही. तो दरबारात केलेला दावा आहे, आणि नाण्यावर आला की तो दावा मासळीबाजारापर्यंत जातो. पण मासळीवाली नाणं हातात घेते ते दावा वाचायला नव्हे. ती ते दगडावर आपटून वाजवते, तळहातावर तोलते. हातोड्याच्या नाण्यांचा सगळा इतिहास मला या दोन नजरांमधला वाटतो, आणि त्यातली दुसरी नजर मला जास्त जवळची आहे.

नाणं पाडायची रीत सोपी होती, मेहनत फार. चांदी ओतून तिच्या कांब्या करायच्या, त्या ठोकून पत्रा करायचा, कात्रीनं तुकडे कापायचे, ठोकून गोल करायचे, वजन जुळवायचं, तापवून आणि धुऊन उजळायचं. खालचा ठसा लाकडाच्या जाड ओंडक्यात रोवलेला. त्यासाठी त्याला बुडाशी अणकुचीदार सुळा असे. त्यावर चांदीची चकती ठेवायची, वरचा ठसा हातात धरून तिच्यावर टेकवायचा आणि हातोडा घालायचा. वरचा ठसा थेट घाव खातो, म्हणून तो लवकर फुटायचा. खालच्या एका ठशामागे वरचे दोन-तीन तरी लागत. ठशावरचं चित्रही अखंड कोरलेलं नसे. छोटे छोटे पोलादी पंच असत. एक चंद्रकोरीचा, एक पाचरीसारखा, एक टिंबाचा, पुढे सिंहाचा, लिलीचा. तेच पंच फिरवून फिरवून अक्षरं आणि चिन्हं उमटवायची. एखादा पंच टोकाशी तुटला की पुढच्या सगळ्या ठशांवर तेच तुटकं अक्षर येई. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या एडवर्डच्या पेनी दिसायला सारख्याच. त्या वेगळ्या करताना अभ्यासकांना या तुटक्या अक्षरांचा फार उपयोग झाला आहे.

माझ्या सिक्सपेन्सवर घाव जरा तिरका बसलाय. डावीकडे अक्षरांबाहेरचं मण्यांचं कडं पूर्ण दिसतं. उजवीकडे अक्षरांचे माथेच चकतीबाहेर गेलेत. आपल्या शिवराईवर आणि मुघल रुपयावर हे नेहमीचंच, कारण ठसा मोठा आणि चकती लहान. ‘छत्रपति’तलं एखादं अक्षर हाती लागतं, बाकीचं आपण मनात भरून काढतो. कुठल्याशा कारागिराचा हात त्या क्षणी केसभर सरकला होता, एवढं माझ्या नाण्यावरून नक्की कळतं. यंत्रावरचं नाणं मला असं काही सांगत नाही.

आता एक गोष्ट, जी मला सुरुवातीला नीट उमगत नव्हती. ज्या काळात शूरवीर ढाली रंगवून मैदानात उतरत होते, त्या काळातल्या इंग्लंडच्या चांदीवर ढाल नाहीच. तीन सिंहांचं चिन्ह पहिल्या रिचर्डच्या ११९८ च्या राजमुद्रेवर ठसठशीत दिसतं. आणि त्याच रिचर्डच्या पेनीवर काय आहे? दाढीवाला एक चेहरा, मागे छोटा क्रूस, आणि नाव ‘हेन्रिकस’. म्हणजे रिचर्डचा बाप, दुसरा हेन्री. ११८० ते १२४७ या सदुसष्ट वर्षांत रिचर्ड आला आणि गेला, जॉन आला आणि गेला, तिसरा हेन्री आला, पेनीवर नाव एकच राहिलं. कारण ती पेनी लोक घेत होते. चालत्या नाण्याला हात लावू नये, ही समज राजांना होती.

१२४७ मध्ये बदल झाला तो लोकांच्या कात्रीमुळे. पेनीची कड हळूच कातरायची, कातरण जमवायचं, वितळवायचं, आणि पेनी पुन्हा पूर्ण किमतीला चालवायची, हा धंदा जोरात होता. म्हणून क्रूसाचे चारही हात थेट काठापर्यंत नेले. हात आखूड दिसला की पेनी कातरलेली. कातरण्याच्या या गुन्ह्याची एक काळी बाजूही सांगायलाच हवी. १२७८ मध्ये पहिल्या एडवर्डनं देशभरातल्या ज्यूंना या आरोपाखाली धरलं, दोनशेहून अधिक ज्यूंना फाशी दिलं, आणि १२९० मध्ये सगळ्याच ज्यूंना देशाबाहेर काढलं. कातरणारे सगळ्या धर्मांचे होते. शिक्षेचा भार मात्र एकाच समाजावर सर्वाधिक पडला. त्या काळातली सुबक पेनी हातात घेताना हे विसरता येत नाही.

१२७९ च्या एडवर्डच्या नव्या नाण्यांनंतर सव्वादोनशे वर्षांच्या आसपास इंग्लंडच्या चांदीचा चेहरामोहरा फारसा हलला नाही. समोर बघणारा मुकुटधारी, कुणाचाच नसलेला चेहरा. मागे लांब क्रूस आणि त्याच्या प्रत्येक कोपऱ्यात तीन टिंबं. तिकडे ढालींचं राजकारण जोरात होतं. तिसऱ्या एडवर्डनं १३४० मध्ये गेंट शहरात स्वतःला फ्रान्सचा राजा म्हणवून घेतलं. त्याची आई इझाबेला फ्रान्सच्या राजाची मुलगी, एवढाच आधार. त्यानं ढालीची चार घरं केली, फ्रान्सची लिली पहिल्या घरात बसवली. ही नवी ढाल नाण्यावर आली ती १३४४ पासूनच्या सोन्याच्या नोबलवर. जहाजात उभा राजा, हातात तलवार, दुसऱ्या हातात ही ढाल. पण नोबल किती जणांच्या हाती लागणार? सहा शिलिंग आठ पेन्सांचं ते नाणं व्यापारी, सरदार आणि परदेशी दरबार यांच्यासाठी होतं. शेतमजुराच्या मुठीत तीच क्रूसाची आणि टिंबांची पेनी. दावा त्यांना ऐकवायचा जे दावा मोडू शकतात. बाकीच्यांना नाणं ओळखू आलं म्हणजे झालं.

चांदीवर ढाल आणली ती सातव्या हेन्रीनं, १५०० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत. यात मला एक नेमकी गोष्ट दिसते. हेन्री ट्यूडरचा गादीवरचा हक्क अगदीच कच्चा होता. १४८५ मध्ये बॉस्वर्थच्या रणात तिसऱ्या रिचर्डला मारून तो राजा झाला. रक्ताचा धागा आईकडून, तोही आडवळणाचा. त्याच्या कारकिर्दीत तोतयेही उभे राहिले. या माणसानं ग्रोटवर, म्हणजे चार पेन्सांच्या नाण्यावर, प्रथमच स्वतःचा खरा चेहरा कोरून घेतला. लांब नाक, आवळलेले ओठ, बाजूनं पाहिलेला. आणि मागे टिंबं काढून टाकून क्रूसावर राजढाल ठेवली. ज्यांचा हक्क पक्का त्यांना सव्वादोनशे वर्षं याची गरज भासली नव्हती.

त्याच्या मुलानं, आठव्या हेन्रीनं, ढाल ठेवली आणि चांदी काढून घेतली. १५४४ पासून युद्धांच्या खर्चासाठी नाण्यात तांबं मिसळायला सुरुवात झाली. एरवी शंभरात साडेब्याण्णव भाग चांदी असायची. १५४६ पर्यंत ती तिसऱ्या हिश्शावर आली, आणि त्याच्या मुलाच्या, सहाव्या एडवर्डच्या काळात १५५१ साली तर चौथ्या हिश्शावर. वरून चांदीचा मुलामा असल्यासारखं दिसावं म्हणून पृष्ठभाग उजळून घेत. पण समोर बघणाऱ्या राजाचं नाक हा नाण्यावरचा सर्वांत उंच भाग, तो आधी झिजे आणि खालचं तांबं दिसे. लोकांनी राजाचं नावच ‘तांबडनाक्या’ अशा अर्थाचं पाडलं. लिली आणि सिंह या सगळ्या काळात जसेच्या तसे होते, रेषाही हलली नव्हती. बाजारात भाव मात्र वर गेले, आणि चांगली जुनी नाणी लोकांनी घरात दडवली.

या हेन्रीच्या एका नाण्यावर मात्र माझा जीव आहे. १५३४ पासून त्यानं आयर्लंडसाठी वेगळा ग्रोट पाडला. एका बाजूला राजढाल, दुसऱ्या बाजूला मुकुट घातलेली वीणा, म्हणजे आयरिश हार्प. वीणेच्या दोन बाजूंना एकेक अक्षर: डावीकडे ‘एच’ म्हणजे हेन्री, उजवीकडे राणीचं आद्याक्षर. आधी ‘ए’, अ‍ॅन बोलिन. १५३६ मध्ये तिचा शिरच्छेद झाला. मग ‘आय’, जेन सीमूर, लॅटिनमध्ये जेनचं नाव ‘आय’नं सुरू होतं. ती १५३७ मध्ये बाळंतपणानंतर वारली. मग ‘के’, कॅथरिन हॉवर्ड. शेवटी ‘आर’, म्हणजे नुसता रेक्स, राजा. कुणाच्या खिशात एकाच वेळी तिन्ही अक्षरांचे ग्रोट असतील. किंमत सगळ्यांची तीच. टांकसाळीतल्या माणसानं फक्त एक पंच बाजूला ठेवून दुसरा उचलला, आणि त्या दोन पंचांच्या मध्ये एका बाईचं आयुष्य संपलं होतं.

बापानं बिघडवलेलं नाणं एलिझाबेथनं निस्तरलं. इथे ढालींवरची चिन्हं पहिल्यांदाच खरं बोलायला वापरली गेली, असं मला वाटतं. १५६० साली तिनं भेसळीचे जुने शिलिंग मागवले. मुळात ते बारा पेन्सांचे. त्यांतले जरा बरे शिलिंग निवडून त्यांवर जाळीदार किल्लादरवाजाचा छोटा छाप मारला, त्यांची किंमत साडेचार पेन्स. फारच वाईट होते त्यांवर धावत्या ग्रेहाउंड कुत्र्याचा छाप, किंमत सव्वादोन पेन्स. किल्लादरवाजा हे तिच्या आजोबांच्या आईच्या घराण्याचं, बोफर्टांचं चिन्ह, ग्रेहाउंडही ट्यूडरांचाच. मिरवायची चिन्हं, आणि ती भावाच्या चेहऱ्यावर मारून राणी प्रजेला सांगत होती की हे नाणं एवढ्याच लायकीचं आहे. दरबारी चिन्हाचा इतका प्रामाणिक उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही. मग ती नाणी वितळवली, चांदी पुन्हा जुन्या कसाला आणली. १५६१ पासून सिक्सपेन्स, तीन पेन्स आणि त्याखालची छोटी नाणी निघाली. ग्रोट आणि पेनीशी त्यांचा घोटाळा होऊ नये म्हणून राणीच्या मानेमागे गुलाब घातला. माझ्या नाण्यावरचा गुलाब हाच. निरक्षर माणसाला एका नजरेत कळावं म्हणून ठेवलेला.

लोकांनी या नाण्यांचं काय केलं, हे राजांच्या मनातलं नव्हतंच. घरात कुणी आजारी पडलं की मध्ययुगीन इंग्लंडात पेनी घेऊन आजाऱ्याच्या अंगावर धरत, अमुक संताच्या नावानं ती वाकवत, आणि बरं वाटल्यावर त्या संताच्या समाधीवर नेऊन वाहत. आपण नवस बोलतो, नारळ बांधून ठेवतो, तेच. अशा वाकवलेल्या पेनी आजही तिकडच्या शेतांत सापडतात. वाकवलेली पेनी बाजारात नेऊन मोडायची नाही. ती आता देवाची. एका आईनं अंगठ्यानं दाबून दुमडलेली ती चांदी बघितली की राजाचा चेहरा, क्रूस, टिंबं यांच्याकडे लक्षही जात नाही.

एलिझाबेथच्या शेवटच्या वर्षांत हा ढालीचा आणि चांदीचा मामला आपल्या बाजूला वळतो. ३१ डिसेंबर १६०० रोजी ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली. पहिली सफर १६०१ मध्ये निघाली. पूर्वेत मिरी घ्यायची तर चांदी हवी, आणि पूर्वेतले व्यापारी ओळखत ती स्पेनची चांदी, आठ रेआलचं जाडजूड नाणं. राणीनं टॉवरच्या टांकसाळीत खास या सफरीसाठी टेस्टर्न नावाची नवी नाणी पाडून घेतली: आठ, चार, दोन आणि एक टेस्टर्नची. वजन मुद्दाम स्पॅनिश नाण्यांइतकं. एका बाजूला मुकुटाखाली राजढाल, लिलीसकट. दुसऱ्या बाजूला तोच जाळीदार किल्लादरवाजा, साखळ्या लोंबणारा. पूर्वेत स्पेनच्या राजासारखंच आपलंही नाव व्हावं, हा त्यामागचा हेतू. चांदी खरी होती, वजन खरं होतं. तरी तिकडच्या व्यापाऱ्यांना किल्लादरवाजा अनोळखी, आणि आठ रेआल ओळखीचा. हे नाणं पुढे पुन्हा पाडलं गेलं नाही, आणि कंपनीची जहाजं स्पॅनिश रेआलच भरून नेऊ लागली. सुरतेला ते रेआल उतरत, सराफ ते तोलत, आणि मुघल टांकसाळीत त्यांचे रुपये होत. स्पेनच्या ढालीवरचे किल्ले आणि सिंह मुशीत जाताना कुणाला त्याचं काही वाटत नसे.

आता मुंबई. १६६१ च्या लग्नाच्या करारात पोर्तुगालनं ती इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला दिली, १६६५ मध्ये ताबा मिळाला, १६६८ मध्ये चार्ल्सनं ती वर्षाला दहा पौंड भाड्यानं कंपनीला देऊन टाकली. गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर मोठी स्वप्नं बघणारा माणूस. १६७२ मध्ये त्यानं मुंबईत टांकसाळ सुरू केली. नाण्यांना नावंही ठरवली: सोन्याचं कॅरोलिना, चांदीचं अँग्लिना. त्या चांदीच्या नाण्यावर कंपनीची ढाल होती. खाली समुद्रात तीन जहाजं, वरच्या पट्ट्यात दोन गुलाबांच्या मध्ये पुन्हा तेच लिली आणि सिंह. भोवती लॅटिनमध्ये कंपनीचं नाव, मागे मुंबईवरच्या इंग्रजी अमलाचं सातवं वर्ष. इंग्लंडात १६६२ पासून हातोडा बंद होऊन नाणी यंत्रावर निघू लागली होती; इथे मुंबईत मात्र जुन्या रीतीनं हातानंच काम. १६७६ मध्ये चार्ल्सनं टांकसाळीला रीतसर परवाना दिला, आणि १६७७ चा रुपया निघाला. एका बाजूला इंग्रजीत ‘द रुपी ऑफ बॉम्बेम’, चार्ल्सच्या अधिकारानं. दुसऱ्या बाजूला खुद्द राजाची ढाल, आणि भोवती ‘ग्रेट ब्रिटन, फ्रान्स आणि आयर्लंडचा राजा’.

त्या ढालीकडे बघत मी बराच वेळ घालवला आहे. एका घरात स्कॉटलंडचा मागच्या पायांवर उभा सिंह. एका घरात आयर्लंडची वीणा, अ‍ॅन बोलिनच्या अक्षराशेजारी उभी राहिलेली. आणि मानाच्या घरात फ्रान्सची लिली. तिसऱ्या एडवर्डनं गेंटमध्ये केलेल्या दाव्याला तोवर तीनशे सदतीस वर्षं झाली होती, कॅले जाऊन शंभराहून अधिक वर्षं. आणि हे फूल आता मुंबई बेटावर, रुपयाच्या पाठीवर. समोरच्या मुलखात माहीमची खाडी ओलांडली की त्या फुलाला विचारणारं कुणी नाही.

कंपनीला हे आधीपासूनच कळत होतं. म्हणून जून १६७४ मध्ये हेन्री ऑक्झेंडन रायगडावर राज्याभिषेकासाठी नजराणा घेऊन गेला, तेव्हा तहाच्या कलमांत एक कलम नाण्याचंही होतं. कंपनीची नाणी महाराजांच्या मुलखात चालावीत. महाराजांच्या बाजूनं निराजी पंडितांमार्फत बोलणी झाली. बहुतेक कलमं मान्य झाली. या कलमावर जे उत्तर आलं ते ऑक्झेंडनच्या कागदांत आहे, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. त्याचा आशय असा: महाराज कुठल्याच नाण्याला आपल्या मुलखात बंदी करत नाहीत. पण ज्यात रयतेचं नुकसान होईल ते नाणं घ्यायची सक्तीही ते रयतेवर करू शकत नाहीत. इंग्रजांचं नाणं कसाला आणि वजनाला मुघलांच्या आणि इतर राजांच्या नाण्यांच्या तोडीचं असेल, तर ते आपोआप चालेल.

ज्या दिवसांत स्वतःच्या नावाची नाणी पाडणं हा सार्वभौमपणाचा सर्वांत मोठा पुरावा होता, आणि महाराज स्वतः छत्रपती म्हणून नुकतेच ते करत होते, त्या दिवसांतलं हे उत्तर. त्यात अभिमानाचा एक शब्द नाही. परकी ढाल नको, असं ते म्हणत नाहीत. रयतेला बट्टा बसू नये, एवढंच बघतात. शिवकाळाबद्दल आपण तलवारी आणि किल्ले इतकं बोलतो की हे उत्तर मागे पडतं. मला ते पुन्हा पुन्हा पुढे आणावंसं वाटतं, कारण इंग्लंडच्या राजांनी चारशे वर्षांत धक्के खात जे शिकलं, ते इथे एका कलमाच्या उत्तरात सहज येऊन गेलंय.

परकं चिन्ह आपल्याला कधी खुपलं नाही, याचा पुरावा आपल्या आज्यांच्या गळ्यात होता. पुतळ्यांच्या माळेतली जुनी पुतळी म्हणजे व्हेनिसचा डुकॅट. त्यावर संत मार्कसमोर गुडघे टेकलेला डोज, म्हणजे व्हेनिसचा सत्ताधीश, आहे. १२८४ पासून पाचशे वर्षं या नाण्याचं सोनं जवळजवळ शुद्ध राहिलं, म्हणून ते समुद्रापार इथवर आलं. डोज कोण, मार्क कोण, हे न विचारता लोकांनी ते सोनं गळ्यात घातलं. पुढे इथल्या सोनारांनी त्याच्या नकलाही केल्या, त्यांत अक्षरं निव्वळ रेघा होऊन गेली.

मुंबईच्या ढालीच्या रुपयाचा व्यवहार बेटापुरताच राहिला. बाहेरचे सराफ त्याला चालत्या रुपयाचा मान देईनात. १६९० च्या दशकात कंपनीनं दुसरा प्रयत्न केला, इंग्लंडचे राजाराणी विल्यम आणि मेरी यांच्या नावानं, पण फारसी अक्षरांत. त्यावरून मुघलांकडे नाराजी झाली. मुघल इतिहासकार खाफीखानानं तो राग आपल्या बखरीत नोंदवलाय. शेवटी १७१७ मध्ये मुघल बादशहा फर्रुखसियरकडून परवानगी मिळाली आणि मुंबईच्या टांकसाळीत चांदीचा रुपया निघाला तो बादशहाच्या नावाचा, सालासह, अस्सल मुघली थाटाचा. इंग्रज किल्ल्यातच इंग्रज टांकसाळीत मुघल रुपया. तो चालला.

मराठ्यांनीही हेच केलं. दिल्लीच्या बादशहाला आपल्या मुठीत ठेवण्याइतकी ताकद असताना चांदवडचा रुपया शाह आलमच्या नावानं पडत होता. अंकुश किंवा तसलं एखादं छोटं चिन्ह तेवढं आपलं. रिचर्ड आणि जॉनच्या पेनीवर ‘हेन्रिकस’ होता, त्यात आणि यात मला काही फरक दिसत नाही. शाह आलम १८०६ मध्ये वारला, त्यानंतरही कंपनीच्या रुपयांवर त्याचं नाव येत राहिलं. लंडनमध्ये १ जानेवारी १८०१ रोजी राजढालीतून फ्रान्सची लिली काढली गेली. फ्रान्समध्ये तोवर राजाच उरला नव्हता.

१८३५ मध्ये कंपनीनं तिच्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया काढला. यंत्रावरचा, गोल, काठ चोख. एका बाजूला चौथ्या विल्यमचं डोकं, दुसऱ्या बाजूला पानांच्या वेलीत ‘वन रुपी’ आणि फारसीत ‘यक रुपिया’. कंपनीची ढाल होती, पण ती त्या वर्षीच्या तांब्याच्या पाव आण्यावर. रुपयावर ढाल नव्हती. त्याचं वजन १८० ग्रेन आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी, हे मात्र कायद्यातच लिहून दिलेलं होतं, आणि देशातल्या कुठल्याही सराफाला ते स्वतःच्या काट्यावर पडताळून बघता येत होतं.